परतीचं तळाला

पिंपरी पेंढार
रविवार, २५ जानेवारी २०२६

लंकामावशी,

पाया पडते. फोन सोडून कागद कशाला, म्हणून रागावू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुमच्या घरी फोन लावला की स्पीकर चालू करून तुमच्या कानाशी ओरडतात. अवसरीची अख्खी आळी ऐकते. हे ओरडून सांगायचं काम नाही. दादाभाऊ कोबीची गाडी घेऊन मंचरच्या बाजाराला येतात, त्यांच्याकडे देते आहे. मावशींच्याच हातात द्या, दुसऱ्या कुणाच्या नको, असं बजावलंय.

मावशी, आत्यांच्या डाव्या छातीत गाठ आहे. तुमच्या झुंबरआक्कांच्या. पाठ चोळून देताना माझ्या हाताला लागली. त्यांनी माझा हात झटकला आणि म्हणाल्या, "मेंढीनं ढुशी दिली व्हती, सूज हाय." कसली सूज! सुपारीएवढी टणक गाठ. बीपीच्या गोळ्यांचं निमित्त करून आळेफाट्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, पुण्याला न्या, गाठ काढून तपासायला द्यायची आहे. आत्ता गेलात तर सगळं हातात आहे, अजून दोन महिने काढलेत तर मी शब्द देत नाही. पुण्याची वेळही त्यांनीच घेऊन दिली. गुरुवारी, ५ फेब्रुवारीला संध्याकाळी भरती, शुक्रवारी गाठ काढणार, शनिवारी घरी. दोन दिवसांचं काम, मावशी.

मी आत्यांना सरळ सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात बोचकं घेऊन गेलेलं माणूस आमच्यात माघारी येत न्हाई." आणि उठून मेंढरांकडे गेल्या. तेव्हापासून विषय काढला की भांडी आदळतात. आमचे हे, तुमचे जालिंदर, माझ्यासमोर म्हणतात, आईला नेलंच पाहिजे. आईसमोर गेले की पायाकडे बघतात आणि गॅरेजला निघून जातात. इतका राग येतो मला! मी ओतूरची, चार भिंतीतली मुलगी, मेंढरांमागे हिंडलेली नव्हे. तुमच्या आक्कांना उचलून गाडीत घालू का?

त्या तुमचं एकटीचं ऐकतात. काहीतरी करा.

सुप्रिया

अवसरी बुद्रुक
२७ जानेवारी

सुप्रिया पोरी,

तुझा कागद वाचता वाचता चुलीवरचं दूध उतू गेलं, आन सूनबाई वरडली ते मला दिसलं, ऐकाया आलं न्हाई. बरंच झालं.

आक्का तसं का म्हणती ते तुला ठावं न्हाई. ते मागनं सांगंन. आता रडत बसू नको. मी काय सांगती ते कर.

तिला सांग, लंकीच्या घरी गुरुवारी जागरण हाय, दोन दिवसांसाठी बोलावलंय. खंडोबाचं नाव काढल्यावर ती न्हाई म्हणायची न्हाई. अवसरीला म्हणून गाडीत बसव. मंचरला मी रस्त्यावर उभी ऱ्हाते. मी गाडीत चढले की सरळ पुणं. मग वरडू दे किती वरडायचं ते, मला कुठं ऐकाया येतंय? देवाच्या नावानं खोटं बोलती म्हणून देव काय करायचं ते माझं करंल. आदी माझी भन वाचली पायजे.

आता बॅगंचं. बॅग ल्हानच घे. जागरणाला निघालीय आसं दिसलं पायजे. आन ध्यानात ठेव, आक्का ती बॅग बघितल्याबगर सोडायची न्हाई. आमी पोरी व्हतो तवा बापाच्या मागं मेंढरं घिऊन कोकणच्या अंगाला जायचो. सगळं बिऱ्हाड घोड्यावर. ते बांधायची आक्का. मी एक गाडगं बांधूस्तवर तिचं घोडं भरून तयार. नुसतं गाठोडं हातात तोलून सांगायची, लंके, तवा ऱ्हायला तुझा. तवा तिच्यापुढं आपली डाळ शिजायची आसली तर नीट भर. पयलं लागंल ते वर. जड ते पाठीला. परतीचं तळाला, ते काय तुला सांगाया नको.

आन बॅग पाठीवर घ्या, हातात न्हाई. तुमच्याकडं ऊसतोड चालू हाय, बिबट्याला लपाया जागा उरली न्हाई, तो कुठंबी निघतो. घरापासनं रस्त्यापतूर हात मोकळं पायजेत. तुज्या हातात बॅटरी, जालिंदरच्या हातात काठी, आन आक्का मधी.

मावशी

पिंपरी पेंढार
शनिवार, ३१ जानेवारी

लंकामावशी,

सांगितलं. जागरण म्हटल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "बेस्तरवारी व्हय?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि ताक घुसळायला बसल्या.

मावशी, मला भीती वाटायला लागलीय. बेस्तरवारी दक्षिणेला दिशाशूळ, तिकडे निघायचं नाही, म्हणून याच आत्यांनी तुमच्या जालिंदरना एकदा पुण्याच्या गाडीतून खाली उतरवलं होतं, पार्टस् आणायला निघाले होते तेव्हा. अवसरी काय उत्तरेला आहे? या वेळी अक्षर बोलल्या नाहीत. एवढ्या सहज ऐकणारी बाई नव्हे ती.

पण बॅग अशी भरलीय की तुम्ही शाबासकी द्याल. प्रांजलची जुनी शाळेची बॅग घेतली, माझी पोरगी आता मोठी बॅग वापरते. कपडे घड्या न घालता गुंडाळून भरले, म्हणजे निम्म्या जागेत बसतात. सगळ्यात वर त्यांचं जागरणाचं जरीचं लुगडं आणि भंडाऱ्याची पुडी, उघडली की तेच दिसावं. त्याखाली टॉवेल, टॉवेलात पेला आणि चमचा गुंडाळलाय, वाजू नये म्हणून. पुढून हुकाच्या दोन सैल चोळ्या शिवल्या, त्या टॉवेलाच्या मागे. माझे घरातले कपडे. रिपोर्टची फाईल पाठीकडच्या बाजूला सपाट. बाकी सगळं काढून टाकलं. दोन दिवसांना लागतं काय? तिथे ते त्यांचे कपडे देतात, आणि जाताना अंगावर असेल तेच नेसून यायचं. परतीचं तळाला म्हणालात, तर येताना एसटीनं यावं लागलं तर तिकिटाचे पैसे तळाच्या कप्प्यात घालून चेन लावलीय. एका बोटाने उचलली जाते बघा बॅग.

काल त्यांनी ती खुंटीवरून काढली. माझा जीव टांगणीला. उघडली नाही, हातात धरून नुसती वरखाली केली.

"समदं भरलं?"

"हो आत्या."

"परतीचं?"

"घातलंय की. तळाला."

त्यांनी पुन्हा एकदा बॅग तोलली. मग माझ्याकडे बघत राहिल्या. मी शेवटी भाकरीकडे वळले. मागून आवाज आला, "बरं."

मला वाटतं मी पास झाले. गुरुवारी पहाटे अंधारातच निघतो. गाडी यांच्या मित्राची आहे, त्याला लवकर निघायचंय, रस्त्यावर थांबेल. आपली पाणंद पाइपलाइनसाठी उकरून ठेवलीय. तुम्ही मंचरला उभ्या राहाच.

सुप्रिया

अवसरी बुद्रुक
सोमवार, २ फेब्रुवारी

आगं बये सुप्रिया,

परतीचं म्हंजी तिकीट न्हाई! पैशानं माणूस माघारी येतंय व्हय? माजंच चुकलं, मला वाटलं आमच्या घरात नांदतीस म्हंजी तुला ठावं आसंल.

परतीचं म्हंजी घरी येताना नेसायचं धड लुगडं. मेंढरं घिऊन निघताना आई पयलं तेच घालायची. तळाला. त्याला वाटंत हात लावायचा न्हाई, पाऊस येवो, थंडी वाजो. गावाच्या शिवंवर आल्यावर ते काढायचं, आंघोळ करायची, आन नेसून घरात यायचं. गाठोड्याच्या तळाला ते आसलं म्हंजी माणूस यायचं म्हणून निघालंय. नसलं म्हंजी काय, ते तूच समज.

आता ऐक, आक्का दवाखान्याला का भिती ते. आईचं पोट दुखाया लागलं तवा बापानं तिला जुन्नरला न्यायचं ठरवलं. घाईघाईत बोचकं आक्कानंच बांधलं. घोडं भरणारी आमची आक्का, पर त्या दिशी ती परतीचं घालाया इसरली. आई माघारी आली ती दवाखान्याच्या चादरीत. अंगावर घालाया बोचक्यात काय नव्हतं. बाया शेजारनं पातळ मागाया गेल्या. आक्का ह्या गोष्टीवर माझ्याशी बी आजवर बोलली न्हाई.

आन तू तिला तोंडानं सांगितलंस, परतीचं घातलंय. तिनं हातात तोललं. तिला कळलं आसणार गं, तळाला काय न्हाई ते. तिला काय वाटलं आसंल, सुनंनं मला न्यायची तयारी केली, आणायची न्हाई.

हा कागद मिळंल तवा हातातलं काम टाक. तिचं हिरवं इरकली लुगडं काढ आन सगळ्यांच्या तळाला घाल. ती बघत आसताना घाल.

मावशी

पिंपरी पेंढार
बुधवार, ४ फेब्रुवारी, सकाळी

मावशी,

तुमचा सोमवारचा कागद आत्ता मिळाला. दादाभाऊंची गाडी काल नारायणगावला बंद पडून राहिली होती. वाचला. तशीच बॅगेकडे धावले, आधी बॅग उतरवू, मग पेटीतलं हिरवं लुगडं काढू म्हणून.

मावशी, खुंटीवर बॅग नाही.

माळ्यावर पाहिलं, कडब्याच्या गंजीत हात घातला, मेंढरांच्या वाड्यात पाहिलं. विहिरीत वाकून पाहिलं, एवढी माझी मती गेली. त्यात रिपोर्टची फाईल आहे, त्याशिवाय पुण्यात कुणी दारात उभं करणार नाही. आत्या भल्या सकाळी मेंढरं घेऊन बाहेर पडल्यात. एरवी मेंढरं यांचा चुलतभाऊ सोमाजी नेतो, आज म्हणाल्या, "आज मी नेते, मला बघायचीत." मला बघायचीत म्हणजे काय? भाकरीही बांधून नेली नाही. तोडलेल्या उसाच्या फडाच्या कडेला परवाच बिबट्याचे ठसे दिसलेत.

यांना गॅरेजवरून बोलावून घेतलं. ते शोधत गेले. आत्या बांधावर बसलेल्या, एका मेंढीची कास चाचपत. हे म्हणाले, आई, बॅग कुठाय? त्या म्हणाल्या, "उद्या निघायचं हाय ना? निघू." बस. आणि तुमचा भाचा तेवढं ऐकून माघारी आला! मी इतकं बोलले त्यांना, की दादाभाऊ अंगणात उभे होते ते रस्त्यावर गाडीत जाऊन बसले.

मी काय केलं हे मावशी! मला जागा वाचवायची होती. एक लुगडं कमी केलं म्हणून मी हुशारी मिरवत होते. त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या आणि मी भाकरीकडे वळले.

सगळं खरं सांगून पाया पडू का? का काहीच न बोलता उद्या गाडीपर्यंत नेऊ? बॅग टाकून दिली असेल तर? दादाभाऊ दुपारी रिकामी गाडी घेऊन परत येतील, त्यांच्याकडे उत्तर द्या. तोवर माझा जीव राहणार नाही.

सुप्रिया

अवसरी बुद्रुक
बुधवार

सुप्रिया,

दादाभाऊ दारात हॉर्न वाजवतोय आसं नात म्हणती, तवा थोडक्यात.

विहिरीत वाकू नको. तुमची शेजारीण आंबाबाई, तिचं घर खालच्या अंगाला, दक्षिणंला हाय ना? तिच्याकडं जा आन इचार, आक्कानं काय ठेवलंय का.

आमच्यात पस्तान ठेवत्यात. म्हंजी प्रस्थान. ज्या दिशी निघायचं त्या दिशी दिशाशूळ आसला, तर आदल्या दिशी आपलं बोचकं त्या दिशंच्या घरी नेऊन ठेवायचं, सुपारी न हळकुंड बांधून. म्हंजी माणूस आदल्याच दिशी निघालं, देवाला तसं दिसतं. बेस्तरवारी निघायचं, तर बुधवारी ठेवायचं. म्हणूनच ती बेस्तरवारावर काय बोलली न्हाई.

बॅग तिथं आसली तर उघडू नको. घरात आणू नको. एकदा पस्तान ठेवलं की ते वाटंलाच लागतं, उंबऱ्यात परत घ्यायचं नसतं. हिरवं लुगडं घालायला म्हणून बी उघडू नको. सकाळी तिथनंच उचला.

एवढं खरं, तिनं जायचं ठरवलंय. जागरणाला का दवाखान्याला, ते मला सांगता यायचं न्हाई. आन माघारी यायचं ठरवलंय का, ते त्या बॅगंच्या तळालाच कळंल.

मी मंचरला उभी हाय.

मावशी

पिंपरी पेंढार
रविवार, ८ फेब्रुवारी

लंकामावशी,

आम्ही घरी आलो. दोघीही. हे पहिल्या ओळीत लिहिलं, म्हणजे पुढचं तुम्ही नीट श्वास घेऊन वाचाल.

बॅग आंबाबाईंकडेच होती. देव्हाऱ्याच्या शेजारी पाटावर ठेवलेली, वर सुपारी, हळकुंड. मला बघून आंबाबाई म्हणाल्या, "हात नको लावू गं, झुंबरनं सांगून ठेवलंय." मी नाही लावला. पहाटे अंधारातच तिथून उचलली आणि पाठीवर घेतली, तर मावशी, बॅग जड! एका बोटाने उचलली जाणारी बॅग माझ्या खांद्यात रुतत होती. काय घातलं असेल? रागाने काही भलतंच भरलं असेल, माझी फाईल काढून टाकली असेल, असं मनात येत होतं. पाणंदीने हे काठी घेऊन पुढे, मधे आत्या, मागे मी. उसात काही सळसळलं की मी बॅटरी तिकडे मारायची. आत्यांनी एकदाही तिकडे बघितलं नाही.

मंचरला तुम्ही गाडीत डोकं घातलंत आणि रडायलाच लागलात. आत्या तुम्हाला काय म्हणाल्या ते तुम्हाला ऐकू आलं नाही, नुसत्या मान हलवत राहिलात, आणि त्यांनी तुम्हाला चढूच दिलं नाही म्हणून रागाने पाठ फिरवून गेलात. त्या काय म्हणाल्या ते सांगते. त्या म्हणाल्या, "लंके, तू घरी जा. माघाच्या महिन्यात तू कधी जागरण घातलंयस? आन जागरणाला पेला-चमचा घिऊन कोण जातं? मला ठावं हाय कुठं चाललीय ते."

मी गाडीत मान खाली घालून बसले होते. पुढे चाकण आलं. तिथे गाड्या अडकल्या होत्या, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "मेंढीच्या कासंला आशी गाठ लागली की मी दुसऱ्या दिशी डॉक्टर बोलावते. काल समद्या कासा चाचपल्या. म्हणलं, मेंढीला येक न्याय आन मला दुसरा का?" यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी म्हटलं, आत्या, मला परतीचं माहीत नव्हतं हो.

दवाखान्यात बॅग उघडली. फाईल जागेवर होती. पण जरीचं लुगडं काढून ठेवलेलं, आणि सगळं नव्याने लावलेलं. ज्या वेळी जे लागेल ते हाताला वरच मिळत होतं. आधी फाईल, मग गोळ्या, मग टॉवेल, मग चोळ्या. माझं गुंडाळणं एका बाजूला राहिलं. तळाला मात्र एक टॉवेल दाबून बसवलेला होता आणि त्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं. माझा हात तिथे जायचा आणि मी मागे घ्यायची. तुम्ही उघडू नको म्हणाला होतात म्हणून नाही. खाली काही नसलं तर, या भीतीने.

शुक्रवारी त्यांना आत नेलं. दाराशी त्यांनी बांगड्या काढून माझ्या हातात घातल्या आणि आत गेल्या. मी बॅग मांडीवर घेऊन बाहेर बसले. हे येरझाऱ्या घालत होते. मी हजारदा चेनला हात लावला असेल. नाही उघडली. मी म्हटलं, ह्या बाईने ठरवलंय ते तिच्याच तोंडून कळू दे.

गाठ पूर्ण निघाली. तपासायला पाठवलीय, आठवडाभरात रिपोर्ट. पुढे औषधं लागतील का, ते तेव्हा सांगणार. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तेवढ्यावर मी सध्या उभी आहे.

शनिवारी सिस्टर म्हणाल्या, घरचे कपडे घालून तयार व्हा. मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी हाताने खूण केली, काढ. मी तळाचा टॉवेल उचलला. हिरवं इरकली लुगडं. मावशी, मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. त्या म्हणाल्या, "रडती काय, खाली बघ की."

खाली माझी साडी होती. लग्नानंतर मला माहेराहून पहिल्यांदा न्यायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी आणलेली, जांभळी. मी माझ्यासाठीही परतीचं घेतलं नव्हतं ना. पुरुष माणसाला बाहेर घालवून आम्ही दोघींनी पडद्याआड कपडे बदलले. त्यांचा डावा हात उचलत नव्हता, निऱ्या मी घातल्या. आणि काल संध्याकाळी शिवेवर गाडी थांबवून, तोंड धुऊन, तशा दोघी घरात आलो.

आता आत्या सांगतात ते लिहिते. शेजारी बसून अक्षरं बघतायत, वाचता येत नाही तरी. एकबी शब्द बदलायचा न्हाई म्हणतात.

"लंके, खंडोबाच्या नावानं खोटं बोललीस, आता जागरण खरंच घालावं लागंल. रिपोट कसाबी येऊ दे, मी येणार. सूनबाई संगं येईल. तिला बॅग भरता येती, नुसतं तळ कुठं आसतो ते ठावं नव्हतं, आता झालंय. माझ्यावर रुसून गेलीस ते बरं केलंस, तुला रडताना बघून मी गाडीतनं उतरले आसते.

आन तुझ्याशी जे कधी बोलले न्हाई ते आता कागदावर बोलते. आईचं मी इसरले व्हते. हिचं न्हाई इसरले."